बाटलेला नमुना

कुसुम, तुला यंत्राने खाल्लं म्हणतात.

बंदरावर म्हणतात, मासळीबाजारात म्हणतात, तुझ्या आत्याबाई तर डोळ्यांना पदर लावून रोज नव्याने म्हणतात. "काळोखात बसायची हो पोर, त्या हिरव्या उजेडासमोर. किरणांनी आतून पोखरली." मी म्हटलं, आत्याबाई, यंत्राची काय हिंमत! कुसुमला गिळायला गेलं असतं तर त्याच्याच घशात काटा अडकला असता. लहानपणी तुला सांधे धरणारा ताप आला आणि त्यात काळजाची झडप बिघडली, हे डॉक्टरांनी आपण चौथीत असतानाच सांगितलं होतं. "ही मुलगी विशीच्या पुढे..." एवढंच बोलून ते थांबले होते. तू विशी ओलांडलीस, तिशी ओलांडलीस आणि त्या डॉक्टरांच्या तेराव्यालाही जेवून आलीस. मरणाला इतकी वर्षं दारात उभं ठेवणारी बाई, आणि म्हणे यंत्राने खाल्ली! पुन्हा कोणी माझ्यासमोर हे बोललं तर मी पाटीतला खेकडा त्याच्या सदऱ्यात सोडणार आहे.

मी ते यंत्र पाहिलेलं आहे. धाकटी डहाणूची मासळी मुंबईला पुष्कळ जाते, पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत शिरून जिवंत परत आलेली मी एकटीच. गलबताच्या डोलकाठीएवढं उंच यंत्र होतं ते. तू म्हणायचीस, "हौशे, दर वर्षी वाढतं गं तुझं यंत्र." आता तू अडवायला नाहीस, तेव्हा डोलकाठीएवढंच. आणि ते चालू केलं की अर्ध्या मुंबईचे दिवे मंद व्हायचे. बोल आता काय बोलतेस ते.

आपली मैत्री मुळात बाटण्यातूनच झाली. तुमची चिकूची वाडी, आमचं बंदर, मध्ये खाडीचा चिखल. डहाणू मुंबईकडे राहणार की गुजरातेत जाणार यावर मोठी माणसं भांडत होती, आणि आपण दोघी भांडत होतो माझ्या आईने दिलेल्या कोळंबीतली मोठी कोणाची यावर. आमच्या चुलीवरचं तू खाल्लंस हे कळलं तेव्हा आत्याबाईंनी कपाळ बडवलं. "बाटली गं, बाटली!" गोमूत्र शिंपडलं, आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा आमच्या चुलीपाशी. रोज बाटायचीस, रोज शुद्ध व्हायचीस. त्यांनी तुझ्यावर जेवढं गोमूत्र ओतलं, तेवढ्यात आमची होडी तरंगली असती.

पुढे तू कॉलेजात गेलीस आणि तिथून मुंबईच्या प्रयोगशाळेत. मी सातवीची फायनल पास होऊन धर्मा तांडेलाच्या घरात आले. माझा नवरा बोलायला कंजूष. लग्नात नाव घ्या म्हणाले तर आधी बाहेर जाऊन वारा बघून आला.

मग आली ती बोट. मच्छीमार सोसायटीची पहिली इंजिनाची बोट. शिडावर जगलेलं बंदर. म्हातारे तिच्या धुराला नाकं मुरडत आणि पोरं तिच्या मागे पोहत. सुकाणू आमच्या तांडेलांच्या हाती. आणि एका दुपारी ती बोट खडकावर चढली. माणसं सगळी वाचली. बोटीचा तळ फुटला आणि पंखा फिरवणारा शाफ्ट मोडलेला निघाला. पंख्याकडचा तुकडा समुद्राने नेला, बोटीकडचा उरला.

तांडेल म्हणाले, "आधी शाफ्ट मोडला. मग बोट ऐकेना. मग खडक."

सोसायटीची कमिटी म्हणाली, "आधी खडक. तू खडकावर घातलीस, म्हणून शाफ्ट मोडला."

आधी शाफ्ट की आधी खडक, एवढाच प्रश्न होता. चेअरमन गोविंदभाऊंनी सगळ्यांसमोर विचारलं, "धर्मा, खरं सांग. घेतली होतीस ना?"

"नाही."

"थोडी?"

"नाही."

"अरे, थोडी तर सगळेच घेतात."

"मग सगळ्यांना विचारा."

पुढच्या बैठकीत आमच्या तांडेलांच्या हातचं सुकाणू काढून घ्यायचं ठरणार होतं. ज्याचं सुकाणू काढलं तो तांडेल पुढे कोणाच्या तरी बोटीवर दोर ओढणारा खलाशी होतो आणि मरेपर्यंत मान खाली घालून बंदरावर चालतो. पोरांनी तर ठरावाची वाटही पाहिली नाही. "खडक्या तांडेल" हे नाव त्याच संध्याकाळी बंदरभर फिरलं.

कमिटीला शाफ्टचा तुकडा नकोच होता, त्यांचं ठरलेलं होतं. मी लोहाराकडून मोडल्या टोकाचा वीतभर तुकडा कापून घेतला, मासळीच्या पाटीत घातला, वर केळीचं पान झाकलं आणि तुझ्याकडे निघाले. वाटेत पोलिसाने पाटी उचलून पाहिली.

"काय आहे गं?"

"सुरमई, साहेब."

"एवढी जड?"

"गाभोळी भरलीय."

बिचाऱ्याने सुरमईला हात जोडले.

तुझ्या प्रयोगशाळेत पाय ठेवला आणि विचारलं, "कुसुम, आधी शाफ्ट की आधी खडक?" तू म्हणालीस, "आधी चहा."

चहा झाल्यावर तू त्या तुकड्याच्या कडेचा कीस काढलास, कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये ठेवलास आणि वीज सोडलीस. असा लखलखाट, की दिवाळी लाजेल. तो उजेड फोडून त्याच्या रेघा तू फोटोच्या काचेवर घेतल्यास आणि मला समजावलंस, की जळताना प्रत्येक धातू आपापल्या ठरल्या जागीच रेघ उमटवतो, त्यावरून आत कोण कोण आहे ते कळतं. मी म्हटलं, म्हणजे आमचा बाजार! डोळे मिटून बसलं तरी ओरडण्यावरून कळतं, ही सखूची कोळंबी, हे बायजाचे बोंबील.

"अगदी तसंच," तू म्हणालीस आणि कपाळाला आठी घातलीस. "पण या बाजारात एक परकी बाई ओरडतेय. शिसं. या पोलादात शिशाचं काय काम?"

तेवढ्यात तुझे साहेब आले. काच उजेडाला धरली आणि म्हणाले, "नमुना बाटलाय. टाकून द्या. यावरून काही सांगता येणार नाही."

ते दारापर्यंत पोचले नव्हते तोच तुझा आवाज चढला. "सर, बाटला म्हणजे खोटा झाला का?"

"अहो, पण नियम..."

"कशाने बाटला ते शोधू. कळलं की तेवढं वजा करू. टाकायचा कशाला?"

साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही तरी यांना समजवा."

मी म्हटलं, "साहेब, हिला लहानपणापासून बाटायचा सराव आहे."

ते गेले. तू कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी. "हौशे, काय लावलंत याला?"

लावला होता शेंदूर. सासूबाईंचं काम. समुद्राने बोट फोडली, पंखा नेला, पण एवढं लोखंड माणसांबरोबर घरी आलं, म्हणजे त्यात देव आहे, असा त्यांचा हिशोब. तेलात कालवलेला शेंदूर त्यांनी मोडल्या तोंडावर बोटभर जाड थापला होता. मी विचारलंही होतं, "मोडल्या जागीच का हो?" तर म्हणाल्या, "जिथं दुखतं तिथंच लावायचं असतं. पोरं झाली की कळंल." तुझ्याकडे आणताना मी तो वरवर पुसून घेतला, उगाच तुझ्या साहेबांनी पाया पडायला नको.

हे ऐकलंस आणि तू खुर्चीत बसून हसत सुटलीस. इतकी, की मला तुझ्या झडपेची भीती वाटली. "अगं, शेंदूर म्हणजे शिसंच! जहाजाच्या तळाला गंज धरू नये म्हणून लाल रंग देतात ना, त्यात हाच असतो. खाऱ्या पाण्यातून आलेलं हे तोंड उघडं राहिलं असतं तर गंजाने सगळं चाटून नेलं असतं. मला बघायला काही उरलंच नसतं. तुझ्या सासूने नमुना बाटवला आणि तिनेच तो वाचवला!"

मग तू आतल्या गाभ्याचा कीस घेतलास. शिसं गप्प. निकेल हजर, क्रोमियम हजर. तलासरीच्या हायवेवरच्या दुकानदाराने शाफ्ट विकताना जे शपथेवर सांगितलं होतं तेच. माझं तोंड उतरलं. मी त्या दुकानदाराला मनातल्या मनात फासावर चढवून मोकळी झाले होते.

"माल चोख आहे," तू म्हणालीस. "दुसरा चोर शोध."

त्यानंतर ते मोठं यंत्र. त्याचा झोत जाड पोलादातून पार होत नाही, म्हणून तू पोलादाची साल काढायचीस. उग्र वासाच्या औषधाने मऊ केलेला प्लास्टिकचा पातळ तुकडा मोडल्या तोंडावर दाबायचा, वाळला की अलगद सोलायचा. पोलादावर जे असेल त्याचा ठसा त्याच्या पाठीवर येतो. पहिली साल आली लालभडक. दुसरी गुलाबी. तू सोलत राहिलीस. शेंदराच्या देवाची पुटं निघावीत तशी एकेक साल निघत गेली, आणि मग एक कोरी स्वच्छ आली. तिच्यावर तू कोळशाचा असा थर चढवलास की फुंकर जाड म्हणावी, खालचं प्लास्टिक विरघळवलंस, आणि उरलेला तो थर टिकलीपेक्षा लहान अशा तांब्याच्या जाळीवर झेललास.

मी ओरडलेच. "अगं, हे तर जाळं!"

"मग? तुला काय वाटलं, तुम्हा लोकांनाच जाळं टाकता येतं?"

खोलीत काळोख, पंपाची घरघर, गोल काचेवर हिरवा उजेड. त्या उजेडात, कुसुम, मला दिसली ओहोटीनंतरची वाळू. पाणी मागे गेल्यावर पुळणीवर उरतात तशा बारीक बारीक लाटा, एकीमागे एक.

"एका दणक्यात मोडलं असतं तर इथे नुसते खळगे दिसले असते," तू हळू आवाजात म्हणालीस. "शाफ्ट फिरताना ताण येतो नि जातो. दर खेपेला तडा एवढासा पुढे सरकतो आणि थांबतो. तो थांबला तिथे ही रेघ. फार दिवस चाललं होतं हे, हौशे. बोट खडकाजवळ गेली त्याच्या कितीतरी आधीपासून."

आधी शाफ्ट.

मी त्या काळोखात रडले. तू पाहिलं नाहीस असं दाखवलंस. आयुष्यात तू केलेलं ते एकमेव सभ्य नाटक.

तडा निघाला कुठून, हे मात्र तू मला भिंगातूनच दाखवलंस. त्या तुकड्याच्या तोंडावर मोठी वळणंही होती, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी, आणि सगळी वळणं कडेच्या एका खाचेभोवती फिरत होती. "इथे काय कोरलंय?" तू विचारलंस. मी वाकून पाहिलं. अर्धा "म".

म. स. सो. मच्छीमार सहकारी सोसायटी. शाफ्ट नवा आला तेव्हा तो चोरीला जाऊ नये म्हणून चेअरमन गोविंदभाऊंनी नारळ फोडून, टिळा लावून, स्वतःच्या हाताने छिन्नी-हातोडा घेऊन त्यावर ही अक्षरं ठोकली होती. काय ते घाव! शेवटचा घाव बसला तेव्हा विवळवेढ्याच्या महालक्ष्मीने गडावरून वाकून पाहिलं असेल. त्या "म"च्या कोपऱ्यात पोलादाला जखम झाली आणि तिथून तडा चालू लागला. "स" आणि "सो" पंख्याबरोबर समुद्रात गेले. सोसायटी बुडाली ती आपल्याच नावापायी.

बैठकीला तू स्वतः आलीस. वाळूच्या लाटांचे मोठे फोटो भिंतीला टेकवून ठेवलेस. कोणीतरी विचारलं, "ही पुळण कुठली, बाई? चिंचणीची काय?" तू म्हणालीस, "तुमच्या शाफ्टची." आणि सगळं सांगितलंस, लाटांपासून "म"पर्यंत. सगळ्यांनी गोविंदभाऊंकडे पाहिलं. गोविंदभाऊंनी छपराकडे पाहिलं.

माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं होतं. मी उभी राहिले. "कुसुम, आता खाली लिही, धर्मा तांडेलाचा दोष नाही. आणि कर सही."

तू म्हणालीस, "ते मी लिहिणार नाही."

भर सभेत! चुलीपाशी बसून माझ्या वाटणीची कोळंबी खाल्लेली बाई!

"मी पोलाद पाहिलं," तू म्हणालीस. "शाफ्ट आधीच तडकत होता, हे लिहिलंय. तांडेलांना मी त्या दिवशी पाहिलं नाही. माणसाबद्दल जे बोलायचं ते माणसांनी बोलावं. सगळे बसलेत की इथे."

बसले होते सगळे. एकाने तोंड उघडलं नाही. सुकाणू काढायचा विषय "पुढे बघू" म्हणून गुंडाळला, तो गुंडाळलेलाच राहिला. बोट दुरुस्त झाली, आमचे तांडेल पुन्हा सुकाणूवर बसले. पण "आम्ही चुकलो" असं कोणी म्हणालं नाही, आणि "खडक्या" हे नाव पाठीमागे, हलक्या आवाजात, चालूच राहिलं. त्यांना ऐकू येत असे. ते जाळं विणत बसत आणि मान वर करत नसत.

पापलेटचा तो आख्खा हंगाम मी तुला एक शेपटीही पाठवली नाही. नंतर बोलायला लागले ती भांडण्यासाठीच. एक ओळ, कुसुम! एक ओळ लिहिली असतीस तर मी ती बंदराच्या भिंतीवर चुन्याने रंगवली असती. तू दर वेळी तेच म्हणायचीस. "मी लिहिलं असतं तर त्यांनी कपाटात ठेवलं असतं. त्यांनी स्वतः म्हणायला हवं." मी म्हणायचे, "ते म्हणेपर्यंत आम्ही मरू." तू म्हणायचीस, "मरू नका."

शेवटचं भांडण तलासरीला, तुझ्या भावाच्या घरी. एसटीचा कंडक्टर माझ्या पाटीच्या वासाने अच्छाडपर्यंत शिव्या देत होता. तलासरी आली तरी त्याच्या शिव्या संपेनात, म्हणून त्या पुऱ्या ऐकायला मी तलासरीपुढच्या अच्छाडपर्यंत बसले आणि मागे आले. तू उशांना टेकून होतीस. ओठ निळे, पाय सुजलेले. मला पाहून म्हणालीस, "आली भांडायला."

मी भांडले नाही. जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "यंत्र राहू दे, कुसुम. माणूस म्हणून सांग. त्यांनी त्या दिवशी घेतली नव्हती, हे तुला पटलं होतं ना?"

तू माझ्या पाटीकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "बोंबील ओले आणलेस की सुके?"

तेवढ्यात वहिनी औषध घेऊन आल्या आणि मी उठले. पुढच्या वेळी मानगूट धरून विचारीन म्हटलं. पुढची वेळ कुठली यायला!

तुला संशय होता का गं? की मी इतकी वर्षं शेजारी झोपणारी बाई, आणि मला स्वतःलाच जे ठाऊक असायला हवं ते मी तुझ्या यंत्राला का विचारतेय, असं तुला म्हणायचं होतं? बोंबलांवर काढता पाय घेतलास. मला ठाऊक होतं, कुसुम. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. फक्त कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

परवा सोसायटीच्या हॉलात तुझी शोकसभा झाली. गोविंदभाऊ बोलायला उभे राहिले. थकलेत आता, काठी घेतात. म्हणाले, "कुसुमताई शांत होत्या, मितभाषी होत्या, त्यांनी कधी कोणाचं मन दुखावलं नाही."

मी उभी राहिले. "गोविंदभाऊ, सभा चुकली का माझी? कोण मेलंय इथे?"

लोक हसले. आमचे तांडेल मागून म्हणाले, "हौसा, बस खाली."

"नाही बसत. भाऊ, याच हॉलात ती तुमच्याशी भांडली. या भिंतीला तिने फोटो टेकवले होते. तेव्हा तुम्ही छपराकडे पाहिलंत. आज तिच्याबद्दल गोड बोलू नका. तिला ते चालणार नाही. माणसाबद्दल माणसांनी बोलावं, असं ती म्हणाली होती. त्याचं उत्तर द्या आणि मग हार घाला."

मला वाटलं, म्हातारा आता मला हाकलणार. तो खाली उतरला. काठी टेकत टेकत मागच्या रांगेपर्यंत गेला, आमच्या तांडेलांसमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "धर्मा, शाफ्ट आधी मोडला. माझ्या घावाने मोडला. तुझा दोष नव्हता. हे मला कुसुमताईंनी फोटो दाखवले त्याच दिवशी कळलं होतं."

आमचे तांडेल उभे राहिले. त्यांचं काय झालं ते मी सांगणार नाही, ते त्यांचं आहे. म्हाताऱ्याचा हात धरून त्यांनी त्याला आपल्या जागेवर बसवलं, एवढंच सांगते. आणि आज सकाळी बंदरावर एका पोराने "तांडेल" अशी हाक मारली. नुसती "तांडेल". मागे काही नाही, पुढे काही नाही.

म्हणजे तुझंच झालं. त्यांनी स्वतः म्हटलं, कपाटातल्या कागदाने नाही. तू असतीस तर आज नाक वर करून आमच्या चुलीपाशी बसली असतीस आणि "काय म्हणत होते मी?" असं इतक्यांदा विचारलं असतंस की मी तुला पळीने हाणलं असतं.

पण मी मान्य करणार नाही. इतकी वर्षं त्या माणसाने मान खाली घालून जाळी विणली, आणि गोविंदभाऊंचं तोंड उघडायला तुला मरावं लागलं. एवढ्या महाग उत्तरापेक्षा तुझी एक फुकटची ओळ मला चालली असती. तू बरोबर होतीस, हे माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असेल तर तुला स्वतः यावं लागेल, कुसुम. ये. घे वदवून.